चार नंबरचं इंजिन

इंजिन बंद पडलं ते माझ्यामुळे. तुम्ही पडलात, मी बर्फगाडीवरून उडी मारली, आणि तुम्हीच माझ्या जाकिटाला अडकवलेली ती लाल दोरी ताणली जाऊन निघाली. त्यासरशी आवाज गेला, दिवा गेला. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. बर्फ माझ्या कमरेपर्यंत होता. तुम्ही गाडीच्या मागे पालथे पडला होतात, एक हात अजून त्या मागच्या लोखंडी दांड्याला धरलेला. मी तुम्हाला उताणं केलं. डोळे उघडे होते. मी हेल्मेटची काच वर केली आणि हाक मारली. तेव्हासुद्धा ‘अहो’ असंच म्हटलं.

लोक विचारतात तेव्हा मी सांगते, ते एका क्षणात गेले, मी त्यांच्या शेजारी बसून होते. यातलं पहिलं खरं आहे. दुसरं खोटं आहे. खरं काय ते मी इथे लिहिणार आहे. तुमच्याशी खोटं बोलून उपयोग नाही, तुम्ही तिथेच होतात.

आपल्या मिलिंदच्या घरी, इथे सिंगापुरात टॅम्पिनीसला, तुमच्यासाठी सगळे जमले होते. पुष्कळ लोक बोलले. तुम्ही किती जहाजांवर होतात, किती पोरांना नोकरीला लावलंत, जहाजांच्या यार्डात तुमचा केवढा दरारा होता. मी काही बोलले नाही. नंतर मराठी मंडळाच्या बाई म्हणाल्या, आजी, आमच्या अंकासाठी चार शब्द लिहून द्या. मी म्हटलं, चौथी पास बाईचे शब्द चालतील का? त्या म्हणाल्या, अहो, काहीतरीच काय. त्यांना काय माहीत, ते दोन शब्द तोंडात आले की माझ्या जिभेला चटका बसतो. तुम्हाला माहीत आहे.

बर्फगाडी, बर्फावर पळणारी ती पट्ट्याची स्कूटर, आपल्या संसारात कधी आली ते मला नीट आठवतं. मिलिंद अंगावर पीत होता. मी गुहागरला सासूबाईंजवळ होते आणि तुमचं जहाज उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात दुरुस्तीसाठी अडकलं होतं. तिथल्या एका फिटरने तुम्हाला त्याच्या गाडीवर मागे बसवून डोंगरावर नेलं. दहा मिनिटं. तुम्ही पत्रात लिहिलंत, ‘आजवर पाणी आडवं बघितलं, आज उभं बघितलं. एकदा तुला दाखवीन.’ मी उलट टपाली कळवलं, विहिरीचा रहाट मोडलाय, सुतार येत नाही.

त्यानंतर चाळीस वर्षं तो विषय निघाला नाही. तुम्ही जहाज सोडलंत, इथल्या यार्डात लागलात, तोआ पायोहचा फ्लॅट झाला, मिलिंदचं लग्न झालं. मग तुम्ही रिटायर झालात आणि मिलिंदने तुम्हाला टॅब आणून दिला. पोराने चांगल्या मनाने दिला. पण त्या दिवसापासून आपल्या घरात सकाळी देवाच्या आधी बर्फगाडीचा आवाज सुरू झाला. बाहेर घामाच्या धारा, वर पंखा फुल, आणि तुम्ही बनियनवर बसून बर्फात उडणाऱ्या गाड्या बघताय. मी म्हणायची, “बर्फच बघायचाय ना? मग फ्रीज उघडा, आत खरवडायला झालाय.”

तुम्ही नुसतं बघून थांबणाऱ्यातले नव्हतात. तुम्ही वही घातलीत. जहाजावरच्या लॉगबुकसारख्या रेघा मारलेली. कंपन्यांची नावं लिहिली नाहीत, जहाजावर जनरेटरला असतात तसे नंबर दिलेत. एक नंबर, दोन नंबर, तीन, चार. एका बाजूला वजन, एका बाजूला इंजिनाच्या तक्रारी. वजन पुन्हा दोन प्रकारचं. कंपनीवाले म्हणे कोरडं वजन सांगतात, म्हणजे टाकीत पेट्रोल नाही, तेल नाही, पाणी नाही. याचा तुम्हाला भारी राग. “मुलीला चार दिवस उपाशी ठेवून तिचं वजन सांगायचं आणि लग्न जमवायचं, त्यातला प्रकार आहे हा,” असं म्हणायचात. मग तुम्ही स्वतः हिशेब करून खरं वजन काढायचात. पेट्रोल भरल्यावर किती, पट्ट्यात बर्फ गोठल्यावर किती, वर माणसं बसल्यावर किती. त्यासाठी मला एकदा बाथरूममधल्या काट्यावर उभं केलंत आणि वहीत लिहिताना तीन किलो वाढवलेत.

“हे कशाचे?” मी विचारलं.

“थंडीचे कपडे.”

“मी कुठे जातेय?”

“माझ्याबरोबर,” तुम्ही म्हणालात, आणि पुढची रेघ मारलीत.

एक नंबर सगळ्यात हलकी. सगळे तिच्यामागे. पण तुम्ही म्हणायचात, “दर वर्षी थोडं वजन कमी करतात. कुठून करतात? हाडातून.” तिचे पिस्टन लवकर झिजतात असं लोक लिहायचे. दोन नंबरचा पट्टा तुटायचा. तीन नंबरला ताकद बक्कळ, पण थंडीत चालू व्हायला नखरे. तिन्ही टू-स्ट्रोक. तुमचा टू-स्ट्रोकवर राग नव्हता, मोठ्या जहाजांचं इंजिन टू-स्ट्रोकच असतं हे तुम्ही मला निदान शंभर वेळा सांगितलंत. पण ते तीन मजले उंच, आणि हे मांडीवर मावणारं. चार नंबर मात्र फोर-स्ट्रोक, म्हशीसारखी जड, हलक्या गाडीच्या दीडपट. तिच्या तक्रारींचं पान कोरं होतं. त्या कोऱ्या पानावरून तुम्ही हात फिरवायचात. मी बघितलंय.

टॅबवर त्या गाड्यांच्या गटात कॅनडातली माणसं तुम्हाला विचारायची. तुम्ही इतकं बारीक लिहायचात की त्यांना वाटायचं, हा कोणी डोंगरात राहणारा म्हातारा मिस्त्री आहे. एकाने विचारलं, तुमच्याकडे यंदा बर्फ कसा आहे? तुम्ही खिडकीतून खाली बघितलंत. खाली रस्त्यावर लुंगीवाला म्हातारा पोपट घेऊन चालला होता. तुम्ही लिहिलंत, ‘अजून पडलेला नाही.’ त्या दिवशी मी इतकी हसले की भाजी लागली. ते मला सांगायचं राहिलं तुम्हाला, की तुम्ही मला हसवायचात. मी कधी म्हटलं नाही.

आणि तुम्ही मला गाडी चालू करायला शिकवलीत. आपल्या बाजाराच्या ट्रॉलीचा दांडा म्हणजे हँडल, मी स्टुलावर. गाडीच्या लाल दोरीचं एक टोक जाकिटाला अडकवायचं, दुसऱ्या टोकाची टोपी गाडीवर बसवायची; माणूस पडला की टोपी निघते आणि इंजिन बंद. “दोरीची टोपी दाबून बसव. लाल बटण वर. चावी फिरव, लगेच सोड. गॅसला, म्हणजे अॅक्सिलरेटरला, हात लावायचा नाही.” माझ्या हातात लाटणं, गॅसवर तवा. मी म्हटलं, “मला कशाला? तुम्ही आहात की.” तुम्ही म्हणालात, “इंजिनरूममध्ये जे एकालाच येतं, ते कोणालाच येत नाही असं धरायचं.” आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणून घेतलंत. चौथीत पाढे म्हटले नसतील इतक्या वेळा.

आता भांडणाचं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने तुम्हाला बसवून सांगितलं, हृदय थकलंय, चाला, फिरा, पण जड उचलायचं नाही. तुम्ही घरी येऊन मला बजावलंत की हे मिलिंदला सांगायचं नाही, तुमच्या दोस्ताला, कदमला, तर नाहीच. मी सांगितलं नाही. तांदळाची पिशवी मी उचलायला लागले, पाण्याचे डबे मी. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली की तुम्ही माझ्या हातातली पिशवी घ्यायचात आणि दार उघडलं की परत द्यायचात. मला तुमचं हसू यायचं आणि रागही.

रविवारी बाजार झाला की आपण हॉकर सेंटरच्या टपऱ्यांपाशी कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला बसायचो. तिथे कदम यायचा. एके काळचा तुमच्या हाताखालचा सेकंड इंजिनियर, दापोलीकडचा, राहायला पलीकडच्याच ब्लॉकमध्ये. त्या रविवारी तुम्ही त्याला वही दाखवलीत आणि सांगितलंत की मिलिंद शाळेच्या सुट्टीत आपल्या सगळ्यांना जपानला नेतोय, वर होक्काइडोला, तिथे डोंगरावर या गाड्या मिळतात.

“चीफसाहेब, हलकी घ्या, हलकी,” कदम म्हणाला. “बर्फात रुतली तर ढकलायला तुमच्याकडे क्रू नाही आता.”

“रुतली तर काढता येते. बंद पडली तर काय करशील? आरती?”

“वहिनी आहेत की ढकलायला.”

“ती मला ढकलेल.”

मला गाडीचं काही पडलं नव्हतं. मला तुमच्या छातीचं सांगायचं होतं. पण कदमपुढे ते बोलायचं नव्हतं, तुमचीच शपथ. म्हणून मी भाताच्या खाचरातलं बोलले. “चिखलात रेडा रुततो, बगळा चालतो. आणि रुतलेला रेडा उचलायला माणूस लागतो. माणूस कुठून आणणार?”

कदमने टेबलावर थाप मारली. “बरोब्बर! वहिनी, तुम्ही यार्डात पाहिजे होता!”

तुमचा चेहरा उतरला. तुम्ही वही मिटलीत. “बगळ्यावर बसून कोणी डोंगर चढलाय? वजन, क्षेत्रफळ, दाब, हे काय चौथीच्या पुस्तकात असतं? चौथी पास बाई आता मला इंजिनियरिंग शिकवणार.”

कदम हसला. शेजारच्या टेबलावरचा त्याचा ओळखीचा माणूसही हसला. मीही हसले, कारण चारचौघांत दुसरं काय करायचं. कोपी संपवली, ट्रॉली घेतली आणि घरी आले. मासा धुतला, खवले काढले. तुम्ही मागून आलात. संध्याकाळी न सांगता लसूण सोलून ठेवलीत. ती तुमची माफी होती हे मला कळत होतं. पण मला ती लसणीत नको होती.

त्या दिवसापासून बर्फगाडीवर मी एक अक्षर बोलले नाही. तुम्ही विचारलंत तर म्हणायची, मला काय कळतंय. दोन महिने. बाकी सगळं बोलत होते, जेवायला वाढत होते, गोळ्या देत होते. एवढाच विषय बंद.

तुम्हाला इंजिनाची इतकी धास्ती का होती ते मला ठाऊक होतं. एका फेरीत भर वादळात मुख्य इंजिन बंद पडलं आणि जहाज अकरा तास लाटांना आडवं पडून होतं. खाली तुम्ही आणि तुमची माणसं. त्यात तुमचा एक ऑइलर, इंजिनाला तेल देणारा पोरगा, गेला, वीस-बावीस वर्षांचा. ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत, दिवा मालवून. “केवढंही मोठं जहाज असू दे, इंजिन गेलं की पत्र्याचा डबा.” वजनाची भीती तुम्हाला कधी वाटलीच नाही. कशी वाटेल? तुमचं वजन जन्मभर समुद्राने उचललं. हजारो टन लोखंड, आणि तुम्ही त्याच्या आत कॉफी पीत उभे. वजन डोक्यावर घेऊन टेकडी मी चढले होते, दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर. आपल्या दोघांत वजन कळणारी मी होते. आणि मी तोंड शिवून बसले होते.

होक्काइडोला डोंगरावरच्या शेडमध्ये दोन गाड्या आपल्यासाठी काढून ठेवल्या होत्या. एक हलकी, तुमच्या वहीतली एक नंबर. दुसरी चार नंबर. दोन्हींना मागे सीट होती. त्यांचा गाईड तरणा, फार अदबीचा, दोन्ही गाड्यांकडे हात करून मान लववत होता. “ट्रॅक ओके. बोथ ओके.” पुढे तो, मागे मिलिंद आणि आपली नात इरा, त्यांच्या मागे आपण, असं ठरलं होतं. सून ऑफिसमुळे आली नव्हती.

इरा हलक्या गाडीवर जाऊन बसली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, “आजोबा, टेक दिस वन लाह! सो कूल!”

तुम्ही चार नंबरभोवती फिरलात. गुडघ्यावर बसलात, बाहत्तर वर्षांचा माणूस, आणि तिच्या अंगाला कान लावलात. गाईडने चावी फिरवली. तुम्ही डोळे मिटलेत. तुमच्या तोंडावर जे होतं ते मी मिलिंदच्या जन्माच्या वेळी बघितलं असतं, पण तेव्हा तुम्ही जहाजावर होतात.

मग तुम्ही उठलात, आणि चावी घेतली नाहीत. मागे वळून माझ्याकडे बघितलंत.

मिलिंद म्हणाला, “आई, तू सांग बाई. तुझंच ऐकतील.”

“बोल की गं,” तुम्ही म्हणालात. “रेडा की बगळा?”

चेष्टा नव्हती ती. मी तुमच्याबरोबर सत्तेचाळीस वर्षं काढली, चेष्टेचा आवाज मला कळतो. तुम्ही खरंच विचारत होतात. दोन महिने तो बगळा तुमच्या डोक्यात होता. मी ‘बगळा’ म्हटलं असतं तर तुम्ही थोडं कुरकुरला असता आणि हलकी घेतली असतीत. माझ्या ओठावर आलंही होतं.

मी म्हणाले, “मला काय कळतंय? मी चौथी पास.”

मिलिंदला काही कळलं नाही, तो हसला. तुम्हाला कळलं. तुम्ही हातमोज्याचा पट्टा उगाच घट्ट केलात, “बरं,” म्हणालात आणि चार नंबरच्या सीटवर थाप मारलीत. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं. वाटलं, आता रुतू दे एकदा, चार माणसांसमोर ढकलायला लागू दे, मग सांगते. तुमची फजिती बघायची होती मला. मरण नव्हतं बघायचं. पण फजिती बघायची होती, हे खोटं नाही.

तासभर छान गेलो. हँडलच्या मुठी आतून गरम होत्या, तुम्ही मागे हात करून माझा हात मुठीवर ठेवून दाखवलात. मग बर्फ पडायला लागला. पुढच्या गाड्या एका वळणामागे गेल्या. डाव्या हाताला झाडांमधून बर्फाची एक उभी पांढरी भिंत दिसली, वर आभाळाला टेकलेली. तुम्ही गाडी हळू केलीत, मान वळवून ओरडलात, “ते बघ! उभं पाणी! दोन मिनिटं!” आणि मळलेली वाट सोडून झाडांत घेतलीत. चाळीस वर्षांपूर्वीचं पत्र. मी रहाटाचं लिहिलं होतं तरी तुम्ही विसरला नव्हतात.

वीस-पंचवीस हात गेलो असू. गाडीचा मागचा भाग बसला, जसा खाचरात बसतो तसाच. इंजिन चालू, गाडी हलेना. तुम्ही उतरलात आणि कमरेपर्यंत आत गेलात. उतरायच्या आधी आपल्या जाकिटाची दोरी काढून माझ्या जाकिटाला अडकवलीत, नाहीतर इंजिन बंद झालं असतं. “काढू नकोस हं. इंजिन चालू ठेव. दिवा दिसला पाहिजे.” हे तुमचं शेवटचं शहाणपणाचं बोलणं. तिथेच हात झाडून बसायचं होतं. पण तुम्ही हातांनी बर्फ उकरलात, मग मागे गेलात आणि दांड्याला हात घातलात.

“उचलू नका!” मी ओरडले. “माणसं येतील!”

“अगं, एवढंसं,” तुम्ही म्हणालात.

तुम्हाला परत आणायला सहा दिवस लागले. विमानाच्या कागदावर तुमचं वजन लिहिलं होतं, पेटीसकट. मिलिंदने तो कागद घडी करून खिशात घातला, मी मागून घेतला आणि बघितला. तुम्ही असता तर विचारलं असतंत, हे कोरडं की ओलं? मी विमानतळावर हसले. मिलिंदला वाटलं आईचं डोकं फिरलं.

कदम आला होता. दारातच रडायला लागला. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, “वहिनी, साहेबांनी जड घेतली ना?” मी हो म्हटलं. “तुम्ही तर हलकी म्हणत होता.” मी म्हटलं, “तिथे नाही म्हटलं.” त्याला हे समजलं नसावं. मग मी त्याला छातीचंही सांगितलं. तुमची शपथ मोडली. तो म्हणाला, “माहीत असतं तर मी हसलो नसतो वहिनी.” वही मी त्याला दिलेली नाही. मागत होता.

तुमच्या कॅनडातल्या लोकांना इराने कळवलं, मी सांगितलं म्हणून. कुठे राहत होता तेही लिहायला लावलं. एकाने लिहिलं, सिंगापूर? तिथे बर्फ कुठे आहे? दुसऱ्याने विचारलं, कुठली गाडी होती? इरा चिडली. “आजी, सो रूड लाह!” मी म्हटलं, रूड नाही, त्या जागी आजोबांनीही हेच विचारलं असतं. लिही, जड होती, म्हणावं, रुतली. आणि इंजिनाचं विचारतील म्हणून तेही लिही.

ते इंजिनाचं, म्हणजे मी खोटं बोलत आले ते.

तुम्ही गेलात हे मला लगेच कळलं. मी सासूबाईंना मांडीवर जाताना बघितलंय, मला कळतं. मी तुमच्या काखेत हात घालून तुम्हाला ओढायला बघितलं. हलला नाहीत. जन्मभर ओझी वाहिलेली बाई मी, पण तुमचं वजन मला उचलवलं नाही. बर्फ पडतच होता आणि तुमच्या तोंडावर राहत होता. मी दोनदा पुसला. बोटांतली जाणीव गेली होती. कसलाही आवाज नव्हता आणि आपली गाडी पांढरी होत चालली होती. वाटेवरून कोणी गेलं असतं तरी त्याला आपण दिसलो नसतो.

मग मी तुम्हाला सोडलं. सोडलं आणि गाडीवर चढले. टोपी दाबून बसवली. लाल बटण वर. चावी फिरवली, लगेच सोडली. गॅसला हात लावला नाही.

एका झटक्यात चालू झालं. कुरकुर नाही, खोकला नाही. दिवा लागला, मुठी गरम व्हायला लागल्या. मी खाली उतरून तुमच्याजवळ बसू शकले असते, दोरी जाकिटातून काढून. मला येत होतं ते. मी नाही उतरले. मी तिथेच वर बसले, दोन्ही हातांनी हँडलच्या तुमच्या मुठी धरून, आणि मागे वळून बघितलं नाही. तुमच्या अंगावर बर्फ साठत होता आणि मी हात शेकत होते. पाऊण तास. त्या पाऊण तासात मला तुमचा राग आला, माझा आला, कदमचाही आला. देवाचं नाव घेतलं नाही. इंजिन ऐकत बसले. तुम्ही दोन वर्षं टॅबला कान लावून काय ऐकायचात ते मला तेव्हा कळलं. तो आवाज एका सुरात होता, त्याचं आपल्याकडे लक्ष नव्हतं, आणि तो थांबत नव्हता.

गाईडला झाडांतून दिवा दिसला. त्याच्या मागे मिलिंद होता. मिलिंदने आधी मला बघितलं आणि म्हणाला, “बाबा कुठेत?” मी हाताने मागे दाखवायला गेले. मूठ सोडवेना, तर हनुवटीने दाखवलं.

डॉक्टरांनी मिलिंदला सांगितलं की इंजिन चालू नसतं तर आईही गेल्या असत्या.

आपण दोघं त्या झाडांत गेलो होतो. तुम्ही तिथे मेलात. मी जिवंत आले, तुमच्या मुठी धरून.